‘जमेल तेव्हा दे’ असं विद्यार्थ्याला सांगू नका

साहित्य शिकवायला लागून मला दुसरंच वर्ष होतं. निबंध द्यायच्या आदल्या दिवशी एक विद्यार्थिनी भेटायला आली. झोप लागत नव्हती, वाचलेलं डोक्यात राहत नव्हतं. मी म्हणालो, “काळजी करू नकोस, जमेल तेव्हा दे.” त्यानंतर ती वर्गात आलीच नाही.

यात बरेच नवे शिक्षक अडकतात, म्हणून सविस्तर सांगतो. तारीख काढून टाकली की ओझं उतरत नाही, ते रोजचं होऊन बसतं. आठवडा गेला की वाटतं, एवढा उशीर केलाय तर निबंध तसाच दमदार हवा. मग लिहिणं आणखी अवघड होतं, आणि शेवटी सरांसमोर जायचीच लाज वाटते. तिला त्रास नको म्हणून मी विचारलं नाही. तिला वाटलं, सरांनी आपल्यावर पाणी सोडलं. सेमिस्टरअखेर मी तिला नापास केलं. ते अजून सलतं.

आता मुदत वाढवतो ती नव्या तारखेसकट, आणि पहिलं काम छोटं करून: “गुरुवारी फक्त तुझा मुद्दा आणि तो ज्या उताऱ्यावर उभा आहे तो उतारा घेऊन ये.” पानं कमी चालतील. उतारा बारकाईने वाचणं आणि मुद्द्याला पुरावा देणं, यात सूट नाही.

“सुरुवातीलाच धाक बसवा” म्हणणाऱ्या ज्येष्ठांचं ऐकू नका. सरसकट मार्क वाटणाऱ्यांचंही नको; तीही हेळसांडच आहे. कोहेन, स्टील आणि रॉस या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये निबंधांवरच्या शेऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसती टीका किंवा आधी थोडं कौतुक करून केलेली टीका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना फारशी भिडली नाही. ‘माझी अपेक्षा मोठी आहे आणि तू ती पुरी करू शकतोस’ हे स्पष्ट सांगून केलेली टीका मात्र त्यांनी मनावर घेतली, पुन्हा लिहायची तयारीही दाखवली. मी हल्ली प्रत्येक मसुद्यावर हे हाताने लिहितो.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो: जगणं नकोसं झाल्याचं कुणी बोललं, तर निबंधाचा विषय तिथेच थांबवा आणि त्याच क्षणी समुपदेशकाकडे सोबत जा. ते काम एकट्याने पेलू नका.

बाकी चुका होतील, त्या निस्तरता येतात. गायब झालेल्याला काय लिहावं सुचत नसेल, तर एवढंच पाठवा: “दोन तासांना दिसला नाहीस. निबंध राहू दे, आधी भेटून जा.”