आज पाणी कुठवर आलंय?

नाशिकला गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही नाशिककर किती क्युसेक सोडलं ते नंतर बघतो. आधी विचारतो, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?" गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. तेवढ्यावरून पुराचा अंदाज येतो. माझ्या वहीतलं पान याच प्रश्नाने सुरू होतं. वर तारीख, खाली "आज पाणी कमरेपर्यंत", म्हणजे आज मन किती भरून आलंय ते, आणि मग पेन सुटतं ते दहा मिनिटं थांबत नाही.

मोकळं लिखाण म्हणजे एवढंच. ठरवलेली वेळ संपेपर्यंत मनात येईल ते, येईल तसं, न खोडता लिहायचं. रोजनिशीत "सहाला उठलो, भाजी आणली" असा हिशेब असतो. इथे भाजी आणताना आत काय चाललं होतं ते येतं. नाही आलं तरी बिघडत नाही.

सुरुवात वहीपासून. शाळेच्या मुलांची असते तशी साधी शंभर पानी वही घ्या. देखणी डायरी घेऊ नका. मी घेतली होती. पहिलं पान इतकं जपून, वळणदार अक्षरात लिहिलं की दुसऱ्या पानावर हात धजावेना. ती डायरी अजून कपाटात कोरी आहे. साध्या वहीची भीड वाटत नाही. मोबाईलवर लिहिलं तरी चालेल, पण तिथे मधेच मेसेज येतो आणि दहा मिनिटं भलतीकडेच जातात.

मग वेळ. "वेळ मिळेल तेव्हा" म्हणालात तर कधीच मिळणार नाही. रोज घडणाऱ्याच एखाद्या गोष्टीला लिखाण बांधून टाका: सकाळचा चहा, मुलं शाळेत गेल्यानंतरची शांतता. सातपूर-अंबडला शिफ्ट असेल तर कंपनीच्या बसची वाट बघण्याऐवजी दहा मिनिटं आधी आवरून घरीच बसा. मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर लावा. पहिल्या आठवड्यात पाचच मिनिटं लावली तरी पुरे.

आता खरी अडचण. आपण सगळे शुद्धलेखनाच्या वह्यांवर वाढलेले. वेलांटी चुकली की लाल शाई, अक्षर बिघडलं की पुन्हा दहा ओळी. त्यामुळे लिहायला बसलं की आतली बाई लगेच छडी घेऊन उभी राहते. तिच्याशी वाद घालत बसू नका, फक्त हात चालू ठेवा. काही सुचलं नाही तर "काही सुचत नाही" हेच पुन्हा पुन्हा लिहा. अर्धी ओळ हिंदीत आली, शिवी आली, येऊ द्या. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

"पाणी गुडघ्यापर्यंत. पेन बरं चालतंय. डास. काय लिहू काय लिहू. गॅस लावायचाय नंबर. दुपारी वहिनी म्हणाली तुझं काय बाई, तुझं बरं आहे. हे आत्ता कशाला आठवलं. बरं आहे म्हणजे काय. मी हसले. का हसले. मला रडायला आलं होतं खरं तर."

गॅसच्या नंबरावरून रडण्यापर्यंत यायला सहा वाक्यं लागली. थेट "आज मला कशाचं वाईट वाटलं?" असं विचारून बसले असते तर पान कोरंच राहिलं असतं.

जुनं, जड काही वर यायला लागलं की थोडं जपून. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं आपल्या आयुष्यातल्या क्लेशकारक घटनांवर लिहिलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढच्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी वेळा दवाखान्यात गेले. पण लिहून उठल्याउठल्या त्यांना बरं नव्हे, उलट जास्त वाईट वाटत होतं. म्हणून असं लिहून झाल्यावर लगेच कामाला जुंपून घेऊ नका. उठा, तोंडावर पाणी मारा, गच्चीत किंवा गोदापार्कला एक फेरी मारून या.

पेनेबेकर यांच्या पुढच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. लिहिता लिहिता ज्यांच्या मजकुरात कारणं शोधणारे आणि उमज दाखवणारे शब्द वाढत गेले, त्यांना फायदा जास्त झाला. आपल्या भाषेत "म्हणून", "त्यामुळे", "आत्ता लक्षात आलं". तेव्हा आठवडाभर तेच भांडण त्याच शब्दांत उतरत असेल तर ते नुसतं घोळवणं आहे. अशा वेळी मी तोच प्रसंग "मी" ऐवजी "ती" म्हणून लिहिते, किंवा समोरच्याच्या बाजूने. चडफडत का होईना, दोन नव्या ओळी निघतात.

आणि लिहून प्रत्येक वेळी घुसमट वाढतच असेल, झोप उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बंद करून माणसाशी बोला. टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

दोन खोल्यांच्या घरात वही लपवायची कुठे, हा प्रश्न लहान नाही. कोणी वाचेल ही धास्ती असली की पेन खोटं बोलतं. घरात एकदा सरळ सांगून टाका की ही वही उघडायची नाही. भरवसा नसेल तर सुट्ट्या कागदावर लिहा आणि लगेच बारीक फाडा. फायदा लिहिण्यात आहे, जपून ठेवण्यात नाही. फक्त ते तुकडे निर्माल्यासोबत रामकुंडात सोडू नका, गोदेला आधीच पुष्कळ झालंय.

लिहिलेलं महिनाभर तरी परत वाचू नका. वाचलंत तर दुरुस्त कराल. महिन्याने फक्त वरच्या ओळी चाळा: कमर, कमर, गुडघा, छाती. माझ्या वहीत दर महिन्याच्या शेवटी पाणी छातीला लागायचं. घरभाड्याची तारीख जवळ आली की घरात आवाज चढायचे, हे मला त्या ओळींमुळे कळलं.

दिवस सुटतीलच. राहिलेली पानं भरून काढत बसू नका, आजची तारीख टाका. पाणी पार उतरलेल्या दिवशीही दोन ओळी लिहा. माझ्या अशा पानांवर बहुतेक मिसळीबद्दलच लिहिलेलं आहे.