ठासणीची रायफल: चिंधीला काय लावायचं, नळी कशानं धुवायची

गावाकडे शेताच्या राखणीला घेतलेली ठासणीची (तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) बंदूक वारशानं ठाण्याच्या फ्लॅटमध्ये येते, तेव्हा सोबत एक सल्लाही येतो: "अधूनमधून तेल मारत जा." सल्ला अर्धाच बरोबर आहे. कुठलं तेल आणि कधी, यावर नळी टिकते की सडते ते ठरतं. (परवाना अजून आपल्या नावावर झाला नसेल तर आधी ते काम उरका, लेख नंतर वाचा.)

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळली की तिचा सगळा धूर होत नाही. वजनानं निम्म्याहून जास्त भाग घनरूपच राहतो आणि त्यातला बराच नळीला चिकटतो. या काजळीत पोटॅशियमचे क्षार असतात, ते हवेतला ओलावा शोषतात. कळवा-ऐरोलीच्या खाडीकाठच्या हवेत बंदूक न धुता रात्रभर ठेवली तर सकाळी नळीत तांबूस गंज दिसू शकतो. सोय एवढीच की हे क्षार पाण्यात विरघळतात. उलट इंजिन ऑइल, ग्रीस अशी खनिज वंगणं या काजळीत मिसळली की डांबरासारखा चिकटा होतो. म्हणून गोळीभोवती गुंडाळायच्या चिंधीला प्राणिज चरबी, वनस्पती तेल किंवा मेण; धुवायला पाणी; आणि धुऊन वाळवल्यावरच खनिज तेल.

चिंधी

गोळीभोवतीची चिंधी शंभर टक्के सुती हवी. घट्ट विणीचा मांजरपाट उत्तम, पण आधी धुऊन त्याची खळ काढून टाका. दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला तरी एक धागा काढून काडी लावून पाहा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. तसलं कापड नळीत वितळून चिकटतं, घेऊ नका. जाडी साधारण ०.०१५ ते ०.०१८ इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या जराशी खाली.

वंगण

भरून लगेच बार काढायचा असेल तर थुंकीनं ओलावलेली चिंधीसुद्धा चालते. जुन्या लोकांची हीच रीत. पण बार भरून थांबायचं असेल तर ती नको, दारू ओलसर होते आणि नळी गंजते.

माझी पसंती मेण आणि चरबीच्या मिश्रणाला. खाटकाकडून बकऱ्याची बिनमिठाची चरबी आणा, मंद आचेवर कढवा, गाळा. मधमाश्यांचं मेण एक भाग, चरबी तीन भाग, दोन्ही गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा. थेट आचेवर नको, आणि दारूचा डबा त्या खोलीत तर नकोच. थोडं मिश्रण बशीत घालून थंड करा. बोटानं ओढल्यावर पसरलं पाहिजे, पण बशी तिरकी केली तर ओघळता कामा नये. मे महिन्यात ओघळतंच, तेव्हा मेण वाढवा. मेण वितळायला ६२ अंशांच्या पुढे जावं लागतं, खोबरेल मात्र २४-२५ अंशांलाच पातळ होतं. त्यामुळे नुसतं खोबरेल ठाण्यात वर्षातले बहुतेक महिने दारूत झिरपत राहणार. चरबी नको असेल तर एरंडेल आणि मेण घ्या. जवसाचं तेल टाळा, ते वाळून चिकट पापुद्रा धरतं. खारं लोणी कधीच नको, मीठ म्हणजे गंज. मेणबत्तीचं मेण बहुधा पॅराफिन असतं, म्हणजे पुन्हा खनिजच.

वंगणाचा प्रश्न किती पेटू शकतो हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. १८५७ च्या जानेवारीत काडतुसांच्या चरबीवरून कुजबुज वाढल्यावर शिपायांना आपापल्या पसंतीचं वंगण लावायची मुभा देण्यात आली होती. तोवर संशय पार मुरला होता.

वंगण जमलं का, हे उडालेली चिंधीच सांगते. ती समोर काही पावलांवर पडलेली सापडते. मधोमध काळी आणि कडा विस्कटलेल्या असल्या तरी कापड शाबूत असेल तर ठीक. मधे जळून भोक पडलं असेल तर वंगण कमी किंवा कापड पातळ. आट्यांच्या (नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या) रेषांवर कापल्यासारखी फाटली असेल तर दोष वंगणाचा नाही, नळीच्या तोंडाशी आट्यांच्या कडा धारदार आहेत.

धुणं

त्याच दिवशी धुवा. पण आधी बंदूक रिकामी आहे ना ते बघा: निपलवर (नळीच्या बुडाशी असलेल्या भोकाच्या बोंडावर) केप, म्हणजे घोडा आपटल्यावर ठिणगी देणारी टोपी, नाही याची खात्री करा आणि नळीचं तोंड स्वतःपासून दूर धरून गज (बार ठासायची लांब काठी) आत सोडा. तोंडाशी गजावर खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहा. तो निपलच्या जागेपर्यंत पोचत नसेल तर आत बार आहे. मग पुढचं काही करू नका, जाणकार बंदूक दुरुस्तीवाल्याकडे द्या.

रिकामी असेल तर निपल काढा, कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाका आणि ओल्या चिंध्या गजावरून फिरवा. पहिली चिंधी काळीकुट्ट येते आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो; गंधकाचा आहे, घाबरू नका. चिंधी स्वच्छ येईपर्यंत हेच. बोअरवेलचं पाणी मचूळ असेल तर नळाचं घ्या. उकळतं पाणी लवकर वाळतं खरं, पण गरम लोखंडावर तितक्याच लवकर गंजाची झाक चढते.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून लोक खूश होतात. मला ते पटत नाही. ऑक्सिजन सोडणारं द्रव्य लोखंडाच्या नळीत कशाला घालायचं? ब्लीच आणि बाथरूमचं ॲसिड तर लांबच ठेवा.

मग कोरड्या चिंध्या, एक चिंधी आयसोप्रोपिल अल्कोहोलची (विस्तवापासून लांब), आणि शेवटी शिलाई मशिनच्या तेलाचा पातळ हात. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी फिरवा. तपकिरी आली तर धुण्यापासून पुन्हा सुरू.

ठेवताना नळीचं तोंड खाली, म्हणजे तेल बुडाशी साचून लाकडात मुरत नाही. रेक्झिनच्या कव्हरात पावसाळाभर कोंडू नका. आचारसंहिता लागून बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली तर तेलाचा हात नेहमीपेक्षा जरा सढळ मारा, ती तिथे कित्येक आठवडे पडून असते. परत आली की आधी गजाची तपासणी आणि पांढरी चिंधी. पुढचा बार भरण्यापूर्वी नळीतलं आणि निपलच्या भोकातलं सगळं तेल अल्कोहोलच्या चिंधीनं पुसून काढा, नाहीतर केप फुटेल आणि बार मुका जाईल.