रिम ब्रेकची, रुंद टायर घेणारी चपळ रोड बाइक कशी निवडावी

काही सायकली पायडलवर जोर देताच पुढे झेपावतात. उभं राहून चढ चढताना फ्रेम पायाखाली किंचित लवते, लगेच सरळ होते आणि आपल्या लयीत लय मिसळते. तासनतास चालवूनही अशा सायकलीवर पाय जड पडत नाहीत. रिम ब्रेकच्या, म्हणजे चाकाच्या कडेवर रबर दाबून थांबणाऱ्या सायकलींत हा गुण अजूनही सहज सापडतो आणि त्याचं कारण चिमट्यात, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये आहे. चाकाच्या मध्याशी बसवलेली चकती पकडणाऱ्या डिस्क ब्रेकचा जोर चिमट्याच्या डाव्या पायाच्या खालच्या टोकाशी येतो, म्हणून तो पाय जाड आणि ताठ करावा लागतो. रिम ब्रेक वर, चिमट्याच्या खांद्याशी बसतो. जोर दोन्ही पायांत वाटला जातो आणि खालची टोकं बारीक, लवचीक ठेवता येतात.

अडचण एवढीच, की अशा बऱ्याच सायकली २३ किंवा २५ मि.मी.च्या टायरसाठी बनल्या. शिवाय १ जुलै २०१८ पासून रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकला पूर्ण मान्यता मिळाली आणि मोठ्या कंपन्यांच्या नव्या फ्रेम बहुतेक डिस्ककडे वळल्या. म्हणून हा शोध वापरलेल्या सायकलींत किंवा हाताने फ्रेम बनवणाऱ्या कारागिरांकडेच जास्त करावा लागतो, आणि मोजपट्टी जवळ ठेवूनच करावा लागतो.

आधी टायर ठरवा

रस्ता गुळगुळीत असेल तर २८ पुरे. खड्डे, ठिगळं, अधूनमधून कच्चा रस्ता असेल तर ३० ते ३२ घ्या. ३५ च्या पुढे जायचं असेल तर साध्या कॅलिपर ब्रेकचा (टायरच्या वर एका बोल्टने बसणारा, टायरला कवेत घेणारा ब्रेक) नाद सोडून कँटिलिव्हर ब्रेकची (रिमच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे हात असलेल्या ब्रेकची) फ्रेम शोधणं बरं.

टायरवर छापलेल्या आकड्यावर मात्र विसंबू नका. रिम आतून जितकी रुंद, तितका टायर फुगतो. २८ लिहिलेला टायर १९ मि.मी. आतल्या रुंदीच्या रिमवर सहज ३० भरतो. हवा भरून, एक दिवस तसाच ठेवून व्हर्नियरने मोजा. जो आकडा येईल तोच खरा.

मग ब्रेकचं भोक आणि रिम यांतलं अंतर मोजा

सगळ्या निवडीतली ही सर्वांत महत्त्वाची पायरी. ब्रेक ज्या बोल्टने बसतो त्या भोकाच्या मध्यापासून रिमच्या ज्या पट्ट्यावर रबर टेकतं त्याच्या मध्यापर्यंत सरळ खाली मोजा. पुढे एकदा, मागे एकदा.

शर्यतीच्या सायकलींवरचे आखूड कॅलिपर ३९ ते ४९ मि.मी.पर्यंत पोचतात. मध्यम लांबीचे ४७ ते ५७ पर्यंत. लोकांची गल्लत इथेच होते: त्यांना वाटतं, लांब ब्रेक घेतला की रुंद टायर बसेल. पण हे अंतर ब्रेकचं नसतं, फ्रेमचं असतं. भोक रिमपासून ४१ वर असेल तर तिथे लांब ब्रेक लावताच येत नाही, त्याची रबरं रिमच्या खाली जातात. अशी फ्रेम २५ च्या टायरची, फार तर २८ ची. कितीही देखणी असली तरी सोडून द्या. अंतर ४७ ते ४९ असेल तर आखूड कॅलिपरची रबरं त्याच्या हातांतल्या खाचेच्या तळाशी आणून २८ चा टायर मोकळेपणाने बसतो, कधी ३० चाही. ५० ते ५७ मिळालं तर ३२ चा टायर बसण्याची पुरेपूर शक्यता. माझ्या मते एकाच सायकलीत चपळाई आणि टायरला जागा हवी असेल तर शोधायची ती हीच फ्रेम.

जुन्या स्पोर्ट-टूरिंग सायकलींकडे विशेष लक्ष द्या. त्यांतल्या अनेक २७ इंची चाकांवर बनल्या. त्या रिमचा व्यास ६३० मि.मी. आणि रोड बाइकच्या नेहमीच्या ७००सी रिमचा ६२२. चाक बदललं की रबरं ४ मि.मी. खाली न्यावी लागतात आणि तेवढीच जागा टायरच्या डोक्यावर मोकळी होते. ब्रेक खाली पोचत असेल तर ही अदलाबदल फार समाधान देते. ६५०बी या आणखी लहान चाकांचं तसं नाही. ५८४ च्या रिमसाठी रबरं १९ मि.मी. खाली न्यावी लागतात. तेवढे लांब हात ब्रेक दाबताना लवतात आणि पकड ढिली वाटते.

एलन कीने चार जागा तपासा

४ मि.मी.ची एलन की घ्या. टायर बसवून, हवा भरून ती चार ठिकाणी सरकवून बघा: पुढच्या ब्रेकच्या पोटाखाली, चिमट्याच्या दोन पायांत, मागच्या ब्रेकखाली आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचा आस जिथे फिरतो त्या जागेच्या) मागे दोन चेनस्टेंच्या (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) मध्ये. की न अडकता गेली पाहिजे. एवढी जागा लागते कारण चाकाला थोडा आउट येतो (ते फिरताना डोलतं), जोर लावताना चाक लवतं आणि ओला टायर खडी उचलतो.

चेनस्टेची जागा लोक विसरतात. माझ्या एका फ्रेममध्ये ३२ चा टायर पुढे छान बसला, मागेही फिरत होता. बाजूला जेमतेम दोन मि.मी. होते. पहिल्याच पावसात दोन तास चालवली आणि घरी येऊन पुसायला घेतली, तर चेनस्टेच्या आतल्या बाजूला बोटभर लांबीचा रंग खरवडून लखलखीत लोखंड दिसत होतं. बारीक वाळूने ते काम केलं होतं. त्या दिवसापासून चाक जवळ नसेल तर मी मागच्या एक्सलच्या जागेपासून पुढे ३२५ मि.मी. मोजतो आणि तिथे दोन चेनस्टेंमधलं अंतर घेतो, कारण टायर सर्वांत रुंद साधारण तिथे येतो. ३२ साठी तिथे ४० मि.मी. हवेत.

चपळाई नळ्यांत शोधा

जागा मिळाली, आता जीव बघा. पोलादी फ्रेममध्ये दोन गोष्टी ठरवतात: नळीचा व्यास आणि तिच्या भिंतीची जाडी. जुन्या मापात वरची नळी २५.४ आणि खालची २८.६ मि.मी.; त्यानंतर आलेल्या ओव्हरसाइज मापात २८.६ आणि ३१.८. भिंत टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. ०.८/०.५/०.८ मि.मी. हे चांगलं नेहमीचं माप, ०.७/०.४/०.७ आणखी हलकं. व्यास थोडासा वाढला तरी ताठपणा बराच वाढतो, म्हणून हलक्या अंगाच्या माणसाला जाड नळ्यांची फ्रेम अनेकदा निर्जीव वाटते. धिप्पाड, जोरकस पायाच्या माणसाला त्याच नळ्या बरोबर वाटतील. स्टिकरवर नळीचं नाव असेल तर माप शोधता येतं. नसेल तर वरच्या नळीच्या मध्यावर नखाने टिचकी मारा: पातळ भिंत टणत्कार करते, जाड भिंतीचा आवाज बद्द येतो. हे काही शास्त्र नव्हे, पण दहा फ्रेमवर टिचकी मारून बघा, कान तयार होतो.

फ्रेमइतकंच लक्ष चिमट्याकडे द्या. खाली निमुळते होत गेलेले, टोकाशी वळलेले पोलादी पाय धक्के हळुवार घेतात. कार्बनचा चिमटा असेल तर त्याची जागा आधी मोजा; बरेचसे २८ लाच थांबतात. तो बदलायचा विचार असेल तर एक्सलपासून खांद्यापर्यंतची उंची जुन्याएवढीच ठेवा. १० मि.मी. उंच चिमटा लावला की हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा जमिनीशी कोन) साधारण अर्धा अंश झुकतो आणि हँडलचा तल्लखपणा कमी होतो.

भूमितीत फार खोल जायची गरज नाही. हेड अँगल ७३ अंशांच्या आसपास, चिमट्याचा पुढे कल (हँडल ज्या रेषेभोवती वळतं तिच्यापासून एक्सल किती पुढे ते अंतर) ४५ मि.मी. आणि चेनस्टे ४१५ ते ४२५ मि.मी. असले की ३२ च्या टायरला जागाही राहते आणि सायकल वळणात सुस्त होत नाही.

घेण्याआधी तीन तपासण्या

रिमच्या पट्ट्यावर आडवी पट्टी धरा. मध्ये खोलगट फट दिसली तर रिम झिजली आहे. नव्या रिमचा खर्च हिशेबात धरा. मागचं चाक ज्या खाचांत बसतं त्यांच्यामधलं अंतर मोजा: १३० मि.मी. असेल तर आजची रिम ब्रेकची चाकं सरळ बसतील, १२६ असेल तर पोलादी फ्रेम जाणकार मेकॅनिककडून रुंद करून घेता येते, पण कार्बन किंवा अॅल्युमिनियमची फ्रेम कधीही ताणू नका. तिसरं, ब्रेक सैल करायची कळ बघा. ती कॅलिपरवर किंवा लिव्हरवर असते. ती पूर्ण उघडूनही ३२ चा फुगलेला टायर रबरांमधून निघत नसेल, तर प्रत्येक पंक्चरनंतर चाक जागेवर बसवूनच हवा भरावी लागेल.

शेवटी चालवून बघा

चालवताना टायरमध्ये हवा योग्य हवी, नाहीतर सगळा अंदाज चुकतो. ७०-७५ किलोच्या माणसाने २५ च्या टायरमध्ये ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरले असतील तर ३२ मध्ये ६० च्या आसपास पुरतात. टायरची कातडी पातळ, मऊ असेल तर उत्तम. ताठ कातडीचा रुंद टायर चांगल्या फ्रेमचाही जीव काढून घेतो.

एक छोटा चढ निवडा. नेहमीपेक्षा एक गिअर जड ठेवा आणि बसूनच वेग वाढवा, मग उभे राहा. पायडल तळाला पोचताना फ्रेम किंचित देते आणि पुढच्या पायाला साथ करते का, ते बघा. चेन पुढच्या डिरेलरला (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाला) घासू लागली तर ती फ्रेम तुमच्या जोराला जास्त मऊ आहे. पाय भिंतीवर आपटल्यासारखे थांबत असतील तर जास्त ताठ आहे. परत येताना उतारावर एकदा जोरात ब्रेक दाबा आणि चिमट्याकडे नजर ठेवा: तो थरथरू नये, एकसंध मागे रेलावा आणि ब्रेक सोडताच जागेवर यावा. मग तोच चढ दुसऱ्या सायकलीवर, त्याच गिअरमध्ये, लगेच चढा.