प्रकरणाला नाव नंतर, आधी प्रश्न

पीएच.डी.चा प्रबंध लिहायला बसताना बहुतेक जण आधी अनुक्रमणिका करतात: प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, संशोधन पद्धती, विश्लेषण, निष्कर्ष. ही अनुक्रमणिका कुठल्याही विषयाला चालते, म्हणून ती तुमच्या विषयाबद्दल काहीच सांगत नाही.

त्याऐवजी एका कोऱ्या कागदावर प्रत्येक प्रकरणासाठी एकच प्रश्न लिहा. समजा, विषय मराठवाड्यातल्या महिला बचत गटांचा आहे. 'बचत गट: स्वरूप व व्याप्ती' हे नुसतं लेबल झालं. 'गटातून उचललेलं कर्ज घरात कुणाच्या निर्णयाने खर्च झालं?' हा प्रश्न झाला. तो लिहिला की मुलाखतीत काय विचारायचं, कुठला तक्ता लागेल, कुठला नको, हे आपोआप कळतं. प्रश्नाखाली आज सुचेल ते उत्तर एका वाक्यात पेन्सिलीने लिहा. पुढे ते बदलणारच. एका प्रकरणाच्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघत नसेल, तर प्रकरणांचा क्रम चुकलाय. हा कागद मार्गदर्शकांना दाखवायला दहा मिनिटं लागतात, शंभर पानं दाखवायला महिने.

पूर्वसंशोधनासाठी 'शोधगंगा' या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर आपल्या विषयाजवळचे तीन-चार प्रबंध उघडा आणि फक्त त्यांची प्रकरणरचना पाहा. मजकूर उचलू नका. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांच्या पुढचं साम्य कारवाईला पात्र ठरतं.

आणि प्रस्तावना? ती सगळ्यात शेवटी लिहा. संदर्भसूची मात्र पहिल्या दिवसापासून, पान क्रमांकासकट.