केगिन पिंजरा शाबूत आहे का, हे कसे पडताळावे

फॉस्फोटंग्स्टिक आम्ल उत्प्रेरक म्हणून वापरून पुण्यात पदव्युत्तर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याने बाटलीवर छापलेले सूत्र चंचुपात्रातही तसेच राहील, असे गृहीत धरू नये. या आम्लाच्या ऋण आयनाची रचना जे. एफ. केगिन यांनी १९३३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. मध्यभागी फॉस्फरसचा चतुष्फलक, त्याभोवती टंग्स्टनचे बारा अष्टफलक आणि एकूण चाळीस ऑक्सिजन, असा हा पिंजरा आहे. त्याचे स्थैर्य पीएच, तापमान, द्रावक आणि संहती यांवर अवलंबून असते. त्यामुळे पडताळणी आपण प्रत्यक्ष वापरणार आहोत त्याच परिस्थितीत करावी.

सुरुवात वजनापासून करावी. हे आम्ल स्फटिकजलासह मिळते आणि ते जल हवेच्या आर्द्रतेनुसार कमी-जास्त होते. एका आयनामागे पाण्याचे तीस रेणू असतील तर मोलर वस्तुमान सुमारे ३४२० भरते, सहाच असतील तर सुमारे २९८८, म्हणजे जवळजवळ आठव्या हिश्श्याचा फरक पडतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत आणि जुलैच्या दमट हवेत उघडलेली एकच बाटली सारखे उत्तर देईल, अशी अपेक्षा ठेवू नये. औष्णिक भारमापन करून, म्हणजे नमुना तापवत वजनातील घट पाहून, पाणी मोजावे, आणि वजनासाठी धातूऐवजी प्लास्टिकचा चमचा घ्यावा, कारण काही धातू या आम्लाचे क्षपण करून, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन, निळे करतात.

खरी मेख पीएचमध्ये आहे. हा पिंजरा साधारण १.५ च्या खाली अखंड राहतो. पीएच २ च्या आसपास गेला की टंग्स्टनचा एक घटक गळून अकरा टंग्स्टनांचा रिक्त पिंजरा बनू लागतो, आणि ८ च्या वर गेल्यावर शेवटी साधे फॉस्फेट आणि टंग्स्टेट उरतात. आता गणित करून पाहावे. हे तीव्र आम्ल असून त्याचा प्रत्येक रेणू तीन हायड्रोजन आयन सोडतो, त्यामुळे एक मिलिमोलर द्रावण तीन मिलिमोलर हायड्रोजन आयन देते, म्हणजे त्याचा पीएच सुमारे २.५ होतो. म्हणजेच कोणताही अल्क न घालता, केवळ शुद्ध पाण्यात पातळ केल्यानेच विघटनाला वाव मिळतो. दहा मिलिमोलर द्रावण मात्र १.५ च्या सीमेवर येते. पीएच याहून वर ठेवावा लागत असेल तर सिलिकोटंग्स्टिक आम्ल निवडावे, कारण ते साधारण ४.५ पर्यंत टिकते. अशाच पिंजऱ्याची मॉलिब्डेनमची संयुगे पाण्यात याहून नाजूक असतात. द्रावणासाठी ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे. दख्खनच्या बेसाल्टमधून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात विरघळलेली सिलिका असते, आणि मॉलिब्डेटच्या आम्लयुक्त द्रावणात ती स्वतःचा वेगळा, पिवळा पिंजरा तयार करते.

पडताळणीसाठी अवरक्त वर्णपट पुरेसा स्वस्त आणि हाताशी असतो. अखंड पिंजऱ्यात प्रति सेंटीमीटर १०८०, ९८३, ८९० आणि ८०० या लाटसंख्यांच्या आसपास चार पट्टे दिसतात. रिक्त पिंजरा असल्यास १०८० चा पट्टा दुभंगून दोन होतात. नमुना पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये मिसळून त्याची दाबून गोळी करतात; हे ब्रोमाइड पावसाळ्यात ओलावा शोषते, म्हणून ते आधी तापवून शुष्कपात्रात ठेवावे. या पद्धतीची मर्यादाही ध्यानात घ्यावी: गोळी घन पदार्थाची असते, आणि द्रावणातून क्षार खाली बसवताना आयन बदललेला असू शकतो. द्रावणातील स्थिती समजण्यासाठी फॉस्फरसचे एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात फॉस्फरसच्या अणुकेंद्रांचा घेतलेला वर्णपट, घेणेच योग्य. अखंड पिंजरा पीपीएममध्ये उणे १५ च्या जवळ, रिक्त पिंजरा उणे १० ते ११ च्या जवळ आणि मुक्त फॉस्फेट शून्याजवळ संकेत देते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत किंवा विद्यापीठात नमुना पाठवायचा असल्यास प्रक्रियेतील मूळ द्रावणच पाठवावे. सोयीसाठी ते पातळ करू नये.

द्रावण निळे पडले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. इलेक्ट्रॉन स्वीकारूनही चौकट टिकते, आणि ऑक्सिडीकरण केल्यावर निळा रंग जातो. मात्र हायड्रोजन पेरॉक्साइड जास्त वापरल्यास पिंजरा फुटून चार टंग्स्टनांचे पेरॉक्सो संयुग तयार होते. ऑक्सिडीकरणाच्या प्रयोगात खरा उत्प्रेरक तेच असण्याची शक्यता आधी तपासावी.

उष्णतेच्या बाबतीत फॉस्फोटंग्स्टिक आम्ल सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, परंतु त्याची आम्लता त्याआधीच, प्रोटॉन पाण्याच्या रूपाने निघून गेल्यामुळे ओसरू लागते. आधारद्रव्य, म्हणजे ज्यावर आम्ल बसवायचे ते घन द्रव्य, म्हणून सिलिका चालते, मॅग्नेशियम ऑक्साइडसारखे अल्कधर्मी द्रव्य पिंजराच मोडते. आधारावर बसवलेले आम्ल ध्रुवीय द्रावकात सुटून येते, म्हणून प्रक्रिया अर्धवट असताना मिश्रण गरम अवस्थेतच गाळावे आणि गाळलेला द्रव पुढे तापवत ठेवावा. त्यातही रूपांतर वाढत राहिले, तर काम विरघळलेला अंशच करत आहे असे समजून या आम्लाचा सीझियमसोबतचा अविद्राव्य क्षार वापरून पाहावा.