जुन्या पुस्तकांत योगायोगाने जुळलेले शब्द कसे शोधायचे

विल्यम ह्यूएल नावाच्या इंग्रज विद्वानाने १८१९ साली मेकॅनिक्सवर पुस्तक लिहिलं, त्यात एक साधं वाक्य होतं की कितीही जोर लावा आणि दोरी कितीही बारीक घ्या, ती अगदी सरळ आडवी ताणली जात नाही. हेच वाक्य इंग्रजीत मोठ्याने वाचलं तर चक्क चार ओळींची यमकबद्ध कविता! साहेबांना पत्ताच नव्हता, दुसऱ्याने भर सभेत म्हणून दाखवल्यावर पुढच्या आवृत्तीत वाक्य बदलून टाकलं. (मी असतो तर ठेवलं असतं.)

असं काही आपल्यालाही शोधता येतं. आधी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली तीन-चार पुस्तकं घ्या, शेती, खगोल, व्याकरण, प्रवास असं काहीही, फक्त कॉपीराइट संपलेली आणि टाइप केलेल्या मजकुराची. प्रोजेक्ट गुटेनबर्ग हा मोफत ई-पुस्तकांचा उपक्रम अशी पुस्तकं जमवायचं काम १९७१ पासून करतोय, तिथे साध्या टेक्स्ट फाइल मिळतात. स्कॅन केलेलं पुस्तक घेतलंत तर जपून, जुन्या इंग्रजी छपाईतला लांब एस (ſ, दिसायला एफसारखाच) कॉम्प्युटरला एफ वाटतो आणि भलतेच शब्द तयार होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच बहुतेकजण घसरतात. काय शोधायचं ते आधी कागदावर लिहा आणि मगच फाइल उघडा. समजा ठरवलं की ओळींची पहिली अक्षरं उभी वाचून चार अक्षरी इंग्रजी शब्द शोधायचा. २६ अक्षरांच्या चार अक्षरी जुळण्या होतात ४,५६,९७६. दहा हजार ओळींच्या पुस्तकात एखादा ठरावीक शब्द मिळायची शक्यता ढोबळमानाने दोन टक्के, पण "कुठलाही ओळखीचा शब्द चालेल" म्हटलं आणि असे हजार शब्द धरले तर वीसेक सहज सापडतात! म्हणजे नियम सैल सोडला की चमत्कार फुकट.

याचा गाजलेला किस्सा म्हणजे बायबलमधले गुप्त संदेश. ठरावीक अंतराने अक्षरं उचलून भविष्य वाचायचं, असा तो प्रकार. १९९७ मध्ये ब्रेंडन मॅके या गणितज्ञाने तीच पद्धत 'मोबी डिक' या देवमाशाच्या कादंबरीवर चालवली आणि त्यात त्याला इंदिरा गांधींच्या हत्येसकट बरंच काही "सापडलं". कादंबरी १८५१ ची!

शोधायला स्प्रेडशीट पुरते, एका कॉलममध्ये ओळी टाकायच्या, शेजारी पहिलं अक्षर काढायचं आणि खाली वाचत जायचं. मराठी पुस्तक असेल तर 'कि' आणि 'क' एकच धरायचं का ते आधीच ठरवा, कारण कॉम्प्युटर वेलांटी वेगळी साठवतो, नुसतं पहिलं अक्षर काढलं की वेलांटी गळून पडते आणि तुम्हाला कळतही नाही.

दोन पुस्तकांत सहा-सात शब्द ओळीने तेच आले तर लगेच नाचू नका. एखादी म्हण असेल, धर्मग्रंथातलं वचन असेल, किंवा एकाने दुसऱ्याचं गुपचूप उचललेलं असेल, जुन्या काळी ते सर्रास चालायचं. तो योगायोग नव्हे, उसनवारी.

मग शेवटची परीक्षा: त्याच ओळी रँडम क्रमाने पिसून पुन्हा मोजा, शंभरदा तरी. खऱ्या पुस्तकात २२ शब्द आणि पिसलेल्यात कधी १८, कधी २५ येत असतील तर तुमचे २२ म्हणजे नुसता योगायोग, मजा घ्या आणि सोडून द्या. पिसलेल्यात कधीच २५ च्या वर जात नाही आणि खऱ्यात ६० आलेत, तर मात्र लेखकाने मुद्दाम काहीतरी पेरलंय का ते बघायला बसा.

आणि हो, सापडलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे आवृत्ती आणि पान लिहून ठेवा, कारण छापताना पानाची रुंदी बदलली की ओळी दुसरीकडे तुटतात आणि तुमचा उभा शब्द गायब.