बाबांचं डिस्चार्ज कार्ड आणि शब्दांची फोड

बाबांना वाशीहून घरी आणलं तेव्हा डिस्चार्ज कार्डावर तीन शब्द होते: कोलेसिस्टेक्टॉमी, हेपॅटोमेगाली, हायपोनॅट्रेमिया. आई विचारत होती, ‘अगं, नक्की झालंय काय यांना?’ मला सांगता येईना. फार वाईट वाटलं.

नुसती घोकंपट्टी दोन दिवसही टिकली नाही. मग शाळेतली संधीची फोड आठवली. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे कापून काढणं. पित्त अधिक आशय, म्हणजे आपलं पित्ताशयच की! ग्रीक तुकड्यांचा हा शब्दही आपल्यासारखाच बांधलाय हे दिसलं आणि निम्मी भीती गेली. हेपॅटो यकृत, मेगाली वाढलेला आकार. हायपो कमी, एमिया रक्तात, आणि मधलं नॅट्रियम हे सोडियमचं लॅटिन नाव. म्हणून तर त्याची संज्ञा ‘एनए’.

जपायचं ते शेवटच्या तुकड्याला. एक्टॉमीत अवयव काढतात, ऑटॉमी नुसता छेद, ऑस्टॉमी म्हणजे शरीराला नवी वाट करून देणं. हायपो म्हणजे कमी आणि हायपर म्हणजे जास्त, हे दोन तर मी अजूनही बोट ठेवून वाचते.

ऐरोली ते ठाणे लोकलमध्ये रोज पाच तुकडे वहीत लिहिले. औषधांचं मात्र डॉक्टरांनाच विचारायचं, फोड करून उपचार कळत नाहीत.

पुढच्या तपासणीला आईनेच विचारलं, ‘डॉक्टर, यांचं सोडियम आता किती आहे?’